ज्या गावाला जायचे नाही

ज्या गावाला जायचे नाही त्याची वाट विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण शहाण्या माणसांची आहे आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते. पण ज्याला ग्रंथालयाची सवय लागली त्याला ती पाळता येत नाही. गेले वर्षभर मी अशाच एका गावाची वाट विचारीत आहे. गाव इटलीत आहे. वस्ती जेमतेम हजार-अकराशे माणसांची. आमच्या वाडीपेक्षा मोठे आणि आमच्या तालुक्याच्या बाजारापेक्षा लहान. तिथे मी जाण्याचा संभव नाही. तरीही त्या गावाचा घाट, देवळे, बागांचे खांब आणि सकाळ-दुपारचे वारे मला आता आमच्या एस. टी. स्टँडइतके ओळखीचे झाले आहेत.

निमित्त झाले ते डी. एच. लॉरेन्सच्या एका पुस्तकाचे. इंग्रजीच्या सरांनी लॉरेन्सची कादंबरी वाचायला सांगितली होती. कपाटात ती नव्हती, तिच्या शेजारी 'ट्वायलाइट इन इटली' हे प्रवासाचे पुस्तक होते. चाळता चाळता 'द लेमन गार्डन्स' असा मथळा दिसला. मथळा द्राक्षांचा किंवा गुलाबांचा असता तर मी पान उलटले असते. पण आम्ही श्रीगोंदा तालुक्यातले. आमचे आण्णा गेली सोळा वर्षे एका बागाइतदाराकडे लिंबाच्या बागेवर सालगडी आहेत. माझी पाटी-पेन्सिल लिंबाची, शाळेचा गणवेश लिंबाचा आणि आज कॉलेजची फीही लिंबाची. तेव्हा परदेशातल्या लिंबाच्या बागेत कोण काम करीत होते, हे पाहिल्यावाचून मला राहवेना. शब्दकोश उशाशी घेऊन ते प्रकरण मी चार रात्रीत वाचले.

लॉरेन्स १९१२-१३ च्या हिवाळ्यात गार्दा सरोवराच्या काठी गारन्यानो नावाच्या गावात राहिला होता. त्याने वर्णन केलेल्या बागा तिथल्या. नकाशात गारन्यानो शोधताना त्याच काठाने वर बोट सरकवले, तेव्हा वीसएक किलोमीटरवर एका गावाचे नावच 'लिमोने' आढळले. इटालियन भाषेत लिमोने म्हणजे लिंबू! त्या दिवसापासून मी लॉरेन्सला सोडले आणि लिमोनेला धरले.

गार्दा हे इटलीतले सर्वांत मोठे सरोवर. लांबी बावन्न किलोमीटर, खोली काही ठिकाणी तीनशे सेहेचाळीस मीटर. दक्षिणेला ते ऐसपैस पसरले आहे आणि उत्तरेला दोन डोंगरांच्या चिमट्यात सापडून अरुंद झाले आहे. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नदीने डोंगर कोरून ही खोल दरी केली. या चिमट्याच्या पश्चिम बाजूला, कड्याच्या पायथ्याशी मिळालेल्या चिंचोळ्या जागेत लिमोने बसले आहे. पाठीशी उभे कडे, समोर पाणी आणि पाण्यापलीकडे बावीसशे मीटरहून उंच मोंते बाल्दो. सरोवरावर दोन वाऱ्यांचे राज्य आहे. पहाटेपासून उत्तरेकडून वाहतो तो पेलेर आणि दुपारी दक्षिणेकडून उलटतो तो ओरा. शिडाच्या होड्यांचे वेळापत्रक शतकानुशतके या दोन वाऱ्यांनी ठरवले. लिमोनेला दुसरे वेळापत्रकच नव्हते, कारण तिथे जायला रस्ता नव्हता. एक तर होडी, नाही तर डोंगरावरची पाऊलवाट. १९३० च्या दशकाच्या आरंभी काठाकाठाने कडे फोडून, बोगद्यामागून बोगदा काढीत मोटाररस्ता आला, तोवर हे गाव असेच पाण्याच्या आणि दगडाच्या मध्ये कोंडलेले होते.

आता नावाची गंमत. लिमोने हे नाव लिंबावरून पडले असे कुणालाही वाटेल. पण भाषेचे जाणकार म्हणतात की नाव लिंबाहून जुने असावे. सीमा किंवा उंबरठा या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी ते त्याचे नाते जोडतात. ते पटण्यासारखे आहे, कारण गाव खरोखरच हद्दीवरचे. जवळचे रीवा हे बंदर १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते. म्हणजे आधी गावाचे नाव पडले आणि मग त्या नावाचे फळ चालत आले! योगायोग एवढा नेमका की कादंबरीत घातला असता तर परीक्षकाने लाल शाईने खूण केली असती.

लिंबू तिथे आले ते मात्र आपल्याच बाजूने. लिंबूवर्गीय झाडांचे मूळ घर हिमालयाच्या पायथ्याशी, आसामपासून चीनच्या युन्नानपर्यंतच्या प्रदेशात आहे असे संशोधक सांगतात. तिथून ही फळे इराण आणि अरबस्तानमार्गे भूमध्य समुद्राच्या काठी पोचली. संस्कृतातले 'नारंग' फारसी-अरबी तोंडातून जाऊन इटालियनमध्ये 'अरांचा' झाले. अरबांचे 'लैमून' तिकडे 'लिमोने' झाले आणि आपले 'लिंबू'ही त्याच गोतावळ्यातले. गेल्या काही वर्षांतल्या जनुकीय अभ्यासाने तर मोठीच मौज उघडकीस आणली आहे. इटलीचे पिवळे, लांबट, जाड सालीचे लिंबू आणि आमचे गोल, पातळ सालीचे कागदी लिंबू ही एकच जात नव्हे. दोन्ही संकरातून जन्मलेली. इटलीच्या लिंबाची आई कडू नारिंग आणि आमच्या कागदी लिंबाची आई आग्नेय आशियातली एक रानटी जात. बाप मात्र दोघांचा एकच, तो म्हणजे महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे तेच हे महाळुंग. तेव्हा लिमोनेचे लिंबू आणि श्रीगोंद्याचे लिंबू हे सावत्र भाऊ झाले. हे मी आण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मंग बरोबर हाय. सावत्र भाऊच लांब ऱ्हायला जातो."

गार्दाच्या काठी लिंबू प्रथम आणले ते गारन्यानोच्या फ्रान्सिस्कन साधूंनी, तेराव्या शतकात, अशी परंपरा आहे. लिमोनेतल्या बागांची भरभराट सतराव्या-अठराव्या शतकांत झाली, तेव्हा या काठावर व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची सत्ता होती. हे ठिकाण पंचेचाळीस अंश अक्षांशाच्याही उत्तरेला. लिंबाचे झाड शून्याच्या खाली तीन-चार अंश गेले की आजारी पडते, त्याखाली मरते. सरोवराचे खोल पाणी उन्हाळ्याची ऊब साठवून हिवाळ्यात हळूहळू सोडते आणि कडे उत्तरेचा वारा अडवतात, हे खरे. पण तेवढ्याने भागत नाही. उरलेले काम माणसांनी केले. ते काम म्हणजे इटालियनमध्ये ज्याला 'लिमोनाया' म्हणतात ते लिंबाचे घर.

हे घर कसे असते ते जरा सविस्तर सांगते, कारण मला या सगळ्या गावात यापेक्षा प्रेक्षणीय काही वाटत नाही. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी ताली घालायच्या. आपल्या घाटातल्या शेतासारख्याच, पण अधिक अरुंद आणि उंच. तीन बाजूंनी दगडी भिंती बांधायच्या आणि सरोवराकडची, म्हणजे उन्हाची बाजू मोकळी ठेवायची. प्रत्येक तालीवर ठरावीक अंतराने दगडाचे चौकोनी खांब उभारायचे, कित्येक ठिकाणी दहा-दहा मीटर उंच. खांबांवर आडव्या तुळया. दोन खांबांमधल्या जागेत लिंबाचे झाड. माती तिथली अपुरी, म्हणून ती बाहेरून आणून टाकायची. डोंगरातल्या ओढ्याचे पाणी पाटाने वरच्या तालीत सोडायचे आणि तिथून खालच्या तालीत उतरवायचे. उन्हाळ्यात ही बाग उघडी असते. नोव्हेंबर आला की कोठीत ठेवलेल्या फळ्या काढून तुळयांवर छप्पर घालायचे आणि समोरच्या बाजूला फळ्या व काचेच्या चौकटी बसवून बाग बंद करायची. फटी गवताने बुजवायच्या. वसंत ऋतू आला की ते सारे पुन्हा उतरवून कोठीत रचायचे. म्हणजे दर वर्षी एक प्रचंड घर बांधायचे आणि दर वर्षी मोडायचे. तेही दहा मीटर उंचीच्या तुळयांवर उभे राहून, खाली फांद्यांचे काटे आणि समोर पाणी असताना.

सर्वांत कडाक्याच्या रात्री माळी बागेत पाण्याने भरलेले भांडे ठेवीत. पाण्यावर बर्फाची साय धरू लागली की समजायचे, वेळ आली. मग आत जागोजाग शेकोट्या पेटवायच्या आणि पहाटेपर्यंत जपायच्या. आग कमी पडली तर झाड गोठणार, जास्त झाली तर फळ्या पेटणार. भांड्यातले ते पाणी वाचताना मला आमच्या बागेतली रात्र आठवली. आमच्याकडे लिंबाचा वैरी थंडी नव्हे, पाण्याचा तुटवडा आणि उन्हाची झळ. वीज रात्री दोनला येते, तेव्हा आण्णा बॅटरी घेऊन बारे द्यायला निघतात. हस्त बहार धरायचा तर झाडाला ताण किती दिवस द्यायचा, हे ते पानाच्या रंगावरून सांगतात. लिमोनेचा माळी भांड्यात बघत असे, आण्णा पानात बघतात.

या लिंबांना भाव मोठा होता. होड्यांनी उत्तरेच्या बंदरांत आणि तिथून आल्प्स ओलांडून जर्मनी, पोलंड, रशियापर्यंत पेट्या जात. सिसिलीच्या लिंबापेक्षा गार्दाचे लिंबू महाग, कारण टिकाऊ आणि आंबट. १८४० मध्ये गारन्यानोत बागमालकांनी विक्रीसाठी सहकारी संस्था काढली. नगर जिल्ह्याच्या माणसाला सहकाराचे कौतुक कुणी शिकवायला नको. पण 'सभासद' या शब्दाखाली कोण येतो आणि कोण येत नाही हेही आम्हाला ठाऊक आहे. तिथेही सभासद मालकच होते.

ऱ्हासाची कारणे मी वहीत क्रमाने लिहून काढली होती, पण त्यांतले पहिले वाचताच पुढची लिहिण्याची घाई राहिली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गार्दाच्या बागांवर एक रोग आला. बुंध्याची साल फुटते, तिच्यातून डिंक गळतो, पाने पिवळी पडतात आणि झाड वाळते. पुस्तकात त्याचे नाव लॅटिन आणि इंग्रजीत होते. मला त्याचे मराठी नाव शोधावे लागले नाही. आमच्याकडे त्याला डिंक्या म्हणतात, आणि गेल्या दोन पावसाळ्यांपासून तो आमच्या बागेत आहे. चारशे झाडांतली साठ-पासष्ट गेली. मालक बाग काढून ऊस लावायचे बोलत आहेत. उसाला सालगडी लागत नाही, टोळी लागते. साल पाडव्याला संपते.

बाकीची कारणे अशी. इटली एक झाली, आगगाडी आली, आणि सिसिलीची स्वस्त लिंबे उत्तरेत सहज पोचू लागली. तिथे लिंबाला घर लागत नाही, ते उघड्यावर पिकते. मग १९१५ मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि सरोवराचे उत्तर टोक आघाडीवर आले. बाग जपणारे हात युद्धावर गेले, फळ्या-काचांची वाताहत झाली. युद्धानंतर सायट्रिक आम्ल बुरशीच्या मदतीने कारखान्यात होऊ लागले. शेवटी १९२८-२९ चा हिवाळा असा आला की शेकोट्यांना तो आवरला नाही. उरले ते खांब.

हे खांब पाहून प्रवाशांनी काय लिहिले, तेही सांगण्याजोगे आहे. जर्मन महाकवी गटे १३ सप्टेंबर १७८६ रोजी पहाटे तोर्बोलेहून दोन नावाड्यांच्या होडीत निघाला आणि लिमोनेवरून गेला. तालींवरच्या लिंबाच्या बागा, पांढऱ्या चौकोनी खांबांच्या ओळी आणि खांबांवरचे आडवे वासे त्याने टिपून ठेवले, वासे कशासाठी तेही ओळखले. पण होडी थांबली नाही. थोड्या वेळाने वारा फिरला आणि ती पलीकडच्या मालचेझिनेला लागली. तिथे जुन्या किल्ल्याचे चित्र काढू लागला म्हणून लोकांनी त्याला ऑस्ट्रियाचा हेर समजून घेरले! लिंबे फुलतात त्या देशाविषयीचे त्याचे प्रसिद्ध गीत त्याने ही सफर करण्याआधीच लिहिले होते. म्हणजे ज्या गावाला गेलो नाही त्याविषयी लिहिणाऱ्यांत मी एकटी नाही, एवढा धीर मला गटेने दिला.

लॉरेन्सला हे खांब देवळांच्या अवशेषांसारखे, उदास आणि उघडेबोडके वाटले. त्याच्यावर मला थोडा राग आहे आणि पुष्कळ लोभ आहे. लोभ यासाठी की तो खाणमजुराचा मुलगा. त्याच्याही घरात कॉलेजचे तोंड पाहणारा तो पहिलाच. आणि थंडीत बंद केलेल्या बागेतला काळोख, फुलांचा कोंडलेला वास, भाव पडल्याने हताश झालेला मालक हे सारे त्याने जवळ जाऊन पाहिले. राग यासाठी की मालकाचे दुःख त्याला जेवढे दिसले तेवढे तुळयांवर चढणाऱ्या माणसांचे दिसले नाही. खाणीच्या गावातल्या मुलाने तरी त्या माणसांजवळ अधिक वेळ बसायला हवे होते. देऊळ म्हटले की माणूस हात जोडतो आणि पुढे जातो. ज्यांनी दगड वाहिले त्यांना ते देऊळ वाटत नसणार, ते कामाचे ठिकाण होते.

त्या माणसांपैकी एका घराविषयी मात्र नक्की माहिती मिळते. गावाच्या वर तेझोल नावाची लिंबाची बाग होती. तिथे लुइजी कोम्बोनी आणि दोमेनिका पाचे हे जोडपे मालकाच्या जमिनीवर माळीकाम करी. त्यांना आठ मुले झाली. सात गेली, एक मोठा झाला. दानिएले त्याचे नाव, जन्म १५ मार्च १८३१. घरी पैसा नाही, गावात पुढची शाळा नाही. बाराव्या वर्षी तो वेरोनाला गरीब मुलांसाठी चालवलेल्या एका संस्थेत शिकायला गेला. होडीने गेला असणार, दुसरी वाटच नव्हती. पुढे तो धर्मगुरू झाला, १८५७ मध्ये आफ्रिकेला गेला आणि सुदानात काम करू लागला. तिथल्या भाषा शिकला, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडला. १८७७ मध्ये मध्य आफ्रिकेचा बिशप झाला आणि १० ऑक्टोबर १८८१ रोजी खार्टूममध्ये पन्नासाव्या वर्षी वारला. २००३ मध्ये रोमच्या चर्चने त्याला संतपद दिले. त्याच्या धर्मकार्याचे मूल्यमापन करण्याचा माझा अधिकार नाही. तो ज्या काळात आफ्रिकेत गेला त्या काळाविषयी इतिहासाच्या वर्गात वेगळेही पुष्कळ शिकवतात. माझे लक्ष अडकले ते दोघांवर. आठांतला उरलेला एकच मुलगा त्या माळी-माळिणीने आधी शाळेसाठी वेरोनाला आणि मग कायमचा समुद्रापार पाठवला. १८५८ मध्ये आई वारली तेव्हा मुलगा आफ्रिकेत होता. आज तेझोलचे ते घर लोक पाहायला जातात. मुलाच्या नावाने जातात. पण मला वाटते, पाहायचे ते घराच्या दारातून खाली जाणारी वाट, जिच्यावरून बारा वर्षांच्या पोराला त्यांनी धक्क्यावर नेऊन सोडले.

या गावाचे आणखी एक आश्चर्य डोळ्यांना दिसत नाही, ते रक्तात आहे. १९७० च्या दशकात मिलान विद्यापीठाच्या डॉक्टरांकडे मूळचा लिमोनेचा एक माणूस आला. त्याच्या रक्तातले चांगले कोलेस्टेरॉल फारच कमी आणि इतर चरबी पुष्कळ. एवढ्यावर हृदयविकार व्हायला हवा होता, पण त्याच्या रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या. चेझारे सिर्तोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा त्याच्या रक्तात एक बदललेले प्रथिन सापडले. एका जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन, एवढाच फरक. मग सगळ्या गावाचे रक्त तपासले. हजार माणसांत तीस-चाळीस जणांत तो गुण निघाला. चर्चमधल्या बारशा-लग्नांच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा सगळ्यांच्या वंशावळी मागे जाऊन एकाच पूर्वजापाशी मिळाल्या. रस्ता नव्हता, सोयरिकी गावातल्या गावात होत होत्या, म्हणून तो गुण गावाबाहेर सांडला नाही. ज्या एकटेपणाने गावाला गरीब ठेवले त्यानेच ही ठेव राखली. २००३ मध्ये या प्रथिनापासून केलेल्या औषधाचा छोटा प्रयोग अमेरिकेत गाजला, पण पुढच्या चाचण्यांत आशा फळली नाही आणि २०१६ मध्ये तो नाद सोडला गेला. प्रथिनाचे शास्त्रीय नाव 'अ‍ॅपो ए-वन मिलानो'. रक्त लिमोनेचे आणि नाव मिलानचे! जमीन कसणाऱ्याची आणि सातबारा दुसऱ्याचा, हा प्रकार प्रयोगशाळेतही चालतो तर.

बाकी प्रेक्षणीय स्थळे म्हणायची तर जुने छोटे बंदर, त्याभोवतीच्या अरुंद दगडी गल्ल्या, १६९१ मध्ये बांधलेले संत बेनेदेत्तोचे चर्च, संत रोक्कोचे चिमुकले देऊळ आणि ऑलिव्हच्या बागा. रस्ता आला तसे प्रवासी आले आणि कोळी-माळ्यांचे गाव हॉटेलांचे गाव झाले. २०१८ मध्ये गावाच्या उत्तरेला कड्याला टांगलेला एक सायकलमार्ग सुरू झाला, खाली सरोवर आणि वर दगड. त्याची छायाचित्रे पाहून माझ्या मैत्रिणी हरखल्या. मला त्यापेक्षा एका बागेची बातमी मोठी वाटली. गावातली कास्तेल नावाची अठराव्या शतकातली लिमोनाया, जी एकेकाळी बेत्तोनी या धनिक घराण्याची होती, ती नगरपालिकेने विकत घेतली, तिचे खांब-भिंती दुरुस्त केल्या, पुन्हा झाडे लावली आणि २००४ मध्ये ती लोकांसाठी उघडली. मालकाची बाग गावाची झाली. उशीर पुष्कळ झाला, पण झाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हा आण्णा झाडांच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावीत होते. मोरचूद आणि चुना कालवून केलेला हा निळसर लेप डिंक्यावर चालतो. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला, म्हणजे गार्दाच्या माळ्यांना तीसेक वर्षे उशिरा. मी बादली धरून उभी होते. मोबाइलवर त्यांना कास्तेलच्या खांबांचे छायाचित्र दाखवले. त्यांनी हात पुसून ते मोठे करून पाहिले, खालून वर, मग परत खाली.

"येका झाडाला येवढे दगड?" ते म्हणाले.

मी थंडीचे, फळ्यांचे, भांड्यातल्या पाण्याचे सांगितले. ते ऐकत होते आणि ब्रश चालवीत होते. रोगाचे सांगितले तेव्हा ब्रश थांबला.

"त्यांच्यात बी डिंक्या? मंग काय केलं त्यांनी?"

"कडू नारिंगाच्या खुंटावर कलमं बांधायची युक्ती पुढं निघाली. त्या खुंटाला डिंक्या लवकर लागत नाही. पण तोवर लई झाडं गेली होती."

"खुंट," ते म्हणाले. "आपली समदी बियांची हायेत." मग थोड्या वेळाने, "मालकाला इचारून बघावं. उसाच्या आधी येक वाफा खुंटावरचा लावून बघा म्हनावं. रोपं मी आणतो राहुरीहून."

"मी लिहून देऊ का अर्ज?"

"अर्ज कशाला? तोंडानं सांगीन की." पुन्हा वाकले, आणि वाकल्या वाकल्याच म्हणाले, "पर तू लिव्ह. तारीख घालून लिव्ह."

ओळीतली अकरा झाडे राहिली होती. मी बादली पुढच्या बुंध्यापाशी नेऊन ठेवली.